निरोप घ्या, पण तिकीट काढून

वाचकाचे पत्र :

"माझे वय ४१. जन्म लालबागचा, सासर दादरचे. सगळे आयुष्य दोन-तीन किलोमीटरच्या आत गेले. नवऱ्याला जर्मनीत, हॅम्बुर्गला, नोकरी मिळाली आहे आणि सहा आठवड्यांनी आम्ही मुलाला घेऊन कायमचे तिकडे जात आहोत. सामानाची यादी करायला बसले आणि तिच्याऐवजी चित्रपटगृहांची यादी होऊन बसली : भारतमाता, प्लाझा, चित्रा, हिंदमाता, मराठा मंदिर, मिनर्व्हा, लिबर्टी, इरॉस, रीगल. बाबा गिरणीत होते. संपानंतर त्यांनी मिळेल ते काम केले, पण महिन्याकाठचा सिनेमा कधी चुकवला नाही. यांतली काही चित्रपटगृहे आज बंद आहेत, काहींचे रूप पालटले आहे, मिनर्व्हा तर मी बाबांच्या तोंडूनच ऐकले आहे. तरी जाण्यापूर्वी प्रत्येक ठिकाणी एकदा जाऊन यावे असे फार वाटते. नवरा म्हणतो, हा बालिशपणा आहे. बाबांना विचारले तर म्हणतात, 'आता तिथे काय उरलंय? आणि माझे गुडघे बघ.' खरे सांगायचे तर गेल्या पाच-सहा वर्षांत मी स्वतःच यांतल्या एकाही ठिकाणी पाऊल टाकलेले नाही, सगळे घरी बसूनच पाहते. मग आता रडण्याचा मला अधिकार तरी आहे का? आणि निरोप घ्यायचा तो कसा?"

– लालबागची लेक

सप्रेम नमस्कार.

नऊ ठिकाणी जाऊ नका. तीन ठिकाणी जा, आणि तिन्ही ठिकाणी तिकीट काढून, पूर्ण चित्रपट पाहून या. चित्रपटगृहाचा निरोप प्रेक्षकानेच घ्यायचा असतो. बाहेर उभे राहून छायाचित्रे काढणाऱ्या पाहुण्याला तो घेता येत नाही, आणि हे मी तुम्हाला केवळ विचार करून सांगत नाही, मला ते अनुभवाने कळले आहे.

मी २००५ साली पुणे सोडले. सदाशिव पेठेतल्या आमच्या घरापासून प्रभात चित्रपटगृह चालत दहा-बारा मिनिटांवर होते, आणि मराठी चित्रपट लागला की तो तिथेच पाहायचा हा घरातला अलिखित नियम होता. जाण्याच्या आधीच्या आठवड्यात मी अप्पा बळवंत चौकात पुस्तकांची काही कामे उरकली, प्रभातवर लागलेल्या चित्रपटाचा फलक पाहिला, पलीकडच्या पदपथावरून एक छायाचित्र काढले आणि घरी आलो. आत जाण्याएवढा वेळ होता, पण १९३४ पासून उभे असलेले प्रभात कुठे पळून जाते आहे, असे मनाशी म्हणालो. पुढे २०१४ च्या अखेरीस जागेचा भाडेकरार संपल्याची आणि ते मूळ मालकांकडे परत जाणार असल्याची बातमी मी दुसऱ्या गावी वर्तमानपत्रात वाचली. किबे लक्ष्मी या नावाने ते पुन्हा सुरू झाल्यावर मी मुद्दाम पुण्याला जाऊन तिथे चित्रपट पाहिला. वास्तू तीच होती आणि चित्रपटगृह चालू राहिले याचा मनापासून आनंद झाला. पण मला निरोप घ्यायचा होता तो एका नावाचा, एका काळाचा, आणि आतल्या त्या मंद उजेडात शेजारी बसलेल्या माझ्या आईचा; तो तेवढा राहूनच गेला. छायाचित्र अजून माझ्याकडे आहे. त्यात फलक दिसतो, सायकली दिसतात, आतले काहीच दिसत नाही.

म्हणून तुमची यादी आपण आधी नीट लावून घेऊ.

चित्रा, हिंदमाता आणि मिनर्व्हा ही नावे बाजूला ठेवा. चित्रा २०१९ च्या मे महिन्यात बंद झाले, आणि बंद दारासमोर उभे राहून तुमच्या हाती फक्त तुमचेच रडू येईल. मिनर्व्हाची वास्तू उरलेली नाही. तिथे 'शोले' १९७५ पासून पाच वर्षे चालला हे तुमच्या बाबांनी तुम्हाला सांगितले असेलच, आणि ती गोष्ट त्यांच्याकडून पुन्हा एकदा, सविस्तर ऐकणे हाच मिनर्व्हाला जाण्याचा आता एकमेव रस्ता आहे. या शहराला चित्रपटगृहे गमावण्याची सवय आजची नाही. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या ज्या कॉरोनेशनमध्ये लागला ते उरले नाही, आणि १४ मार्च १९३१ रोजी भारतातला पहिला बोलपट 'आलम आरा' ज्या मॅजेस्टिकमध्ये बोलला तेही उरले नाही. मात्र मॅजेस्टिकचे नाव तिथल्या व्यापारी संकुलाने आणि मराठी वाचकांच्या लाडक्या पुस्तकांच्या दुकानाने पुढे चालवले. पुण्यात रिक्षावाल्याला आजही अलका टॉकीज चौक असेच सांगावे लागते. दर पावसाळ्यात पाणी तुंबल्याच्या बातमीत जे हिंदमाता येते तेही मूळचे एका चित्रपटगृहाचेच नाव, आणि कित्येक तरुण वार्ताहरांना त्याची कल्पनाही नसेल. नावे अशी मागे राहतात. ती तुम्ही हॅम्बुर्गलाही बोलताना वापराल, त्यासाठी आज त्या फाटकांपर्यंत जाण्याची गरज नाही.

इरॉस, लिबर्टी आणि रीगल यांचा निरोप घेण्याची घाई करू नका, हे माझे स्पष्ट मत आहे. १९३३ चे रीगल चार्ल्स स्टीव्हन्स यांनी बांधले. बोरीबंदर स्थानकाची इमारत रचणाऱ्या एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचे ते चिरंजीव. १९३८ चे इरॉस सोहराबजी भेदवार यांनी रचले, आणि २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या ओव्हल मैदानाभोवतीच्या इमारतींमध्ये ते मोडते. बरीच वर्षे बंद राहिल्यावर २०२४ मध्ये ते आयमॅक्स पडद्यासह उघडले. आतले जुने दालन आता नाही, पण लाल दगडाचा तो दर्शनी मनोरा चर्चगेटला उतरणाऱ्या प्रत्येकाला दिसतो. लिबर्टी हे नाव १९४९ मध्ये नव्या स्वातंत्र्याच्या आनंदात ठेवलेले. अशा वास्तूंना कायद्याचे, अभ्यासकांचे आणि वास्तुप्रेमींचे बरेच पाठबळ असते. तुम्ही दोन वर्षांनी सुट्टीवर याल तेव्हा त्या पाहता येतील अशी आशा बाळगायला जागा आहे. ज्यांना असे पाठबळ नाही आणि जी केवळ येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या तिकिटांवर उभी आहेत, तुमचे सहा आठवडे त्यांना द्या.

म्हणजे उरली तीन : भारतमाता, मराठा मंदिर आणि प्लाझा.

त्यांच्याकडे वळण्यापूर्वी तुमच्या अधिकाराच्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण तो प्रश्न मनात ठेवून तुम्ही आत गेलात तर पडद्याकडे तुमचे लक्षच लागणार नाही. एकपडदा चित्रपटगृहे तुम्ही घरी बसून चित्रपट पाहिलात म्हणून बंद पडली, असे मी म्हणणार नाही. दिल्लीत १९९७ मध्ये देशातले पहिले मल्टिप्लेक्स सुरू झाले, आणि महाराष्ट्रात मल्टिप्लेक्सना सुरुवातीच्या वर्षांत करमणूक करात जी सवलत मिळाली ती शेजारच्या जुन्या चित्रपटगृहाला मिळाली नाही. हजार खुर्च्यांचे दालन भरो वा न भरो, वीज, पगार, पंखे आणि गळके छप्पर यांचा खर्च तोच राहतो, तर मल्टिप्लेक्सला कमी गर्दीचा चित्रपट दीडशे खुर्च्यांच्या दालनात हलवता येतो. रिळे जाऊन डिजिटल यंत्रणा आली तेव्हा तिच्यासाठी पुन्हा पैसा ओतावा लागला. त्यात मुंबईतल्या जागेची किंमत अशी वाढत गेली, की चित्रपट दाखवण्यापेक्षा चित्रपटगृह विकणेच मालकाला परवडू लागले. मग मार्च २०२० आला. महाराष्ट्रातली चित्रपटगृहे बंद झाली, मधले काही महिने उघडून पुन्हा बंद झाली, आणि २२ ऑक्टोबर २०२१ नंतर ज्यांनी दारे उघडली त्यांच्यापैकी अनेकांचा प्रेक्षक तोवर घरच्या पडद्याला सरावला होता.

त्या प्रेक्षकांत तुम्ही होतात, मीही होतो, आणि आपला वाटा त्यात अजिबात नव्हता असे म्हटले तर ते खोटे ठरेल. पण अपराधाची टोचणी आणि रडण्याचा अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजीकडे वर्षानुवर्षे न गेलेल्या नातवालाही आजीसाठी रडू येते, आणि ते रडू खोटे असते असे आपण म्हणत नाही. टोचणी कमी करण्याचा एक साधा मार्ग मात्र तुमच्या हातात आहे. या सहा आठवड्यांत तुम्ही जितकी तिकिटे काढाल त्यांचे पैसे त्या चित्रपटगृहाच्या गल्ल्यात पडतील, आणि त्या दिवसाच्या हिशेबाच्या कागदावर तेवढे आकडे वाढतील.

आता बाबांविषयी. तुमच्या पत्रात नऊ चित्रपटगृहांची नावे आहेत, पण त्यांच्यापैकी एकाही ठिकाणी पाहिलेल्या चित्रपटाचे नाव नाही. महिन्याकाठचा सिनेमा आहे, गिरणी आहे, संप आहे, बाबांच्या तोंडून ऐकलेले मिनर्व्हा आहे. मला वाटते, ही यादी तुम्ही करायला घेतली ती बाबांना सोडून जायचे आहे या एका गोष्टीकडे थेट पाहवत नव्हते म्हणून. आणि 'आता तिथे काय उरलंय' हे बाबांचे उत्तरही केवळ भारतमाताच्या खुर्च्यांविषयी नसावे. मुलगी चालली आहे, आणि ती निघण्यापूर्वीचा शेवटचा सिनेमा पाहायला चला म्हणते आहे. अशा वेळी गुडघे पुढे करणे माणसाला सोपे जाते. त्यांना 'शेवटचा' हा शब्द न वापरता विचारा. 'भारतमाताला मराठी पिक्चर लागलाय, येता का?' एवढेच म्हणा. चित्रपट कोणता आहे, चांगला आहे की सामान्य, याची फिकीर करू नका.

भारतमाता काय होते हे तुम्हाला लालबागमध्ये राहून सांगण्याची गरज नाही, पण तुमच्या मुलाला ते कुणीतरी सांगायला हवे. गिरण्यांच्या जमिनीवर, गिरण्यांच्या भोंग्यांच्या टप्प्यात, मराठी चित्रपटाचे ते हक्काचे घर होते. पाळी सुटलेला कामगार घरी न जाता थेट खिडकीवर यायचा, आणि नायगावच्या गिरणी कामगाराच्या घरात वाढलेले दादा कोंडके पडद्यावर दिसले की हा आपलाच माणूस आहे हे त्याला कुणी समजावून सांगावे लागत नसे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि पुढे गिरण्याच राहिल्या नाहीत. ज्या चाळींतून हा प्रेक्षक येत असे त्यांच्या जागी मनोरे उभे राहिले. तुमच्या बाबांनी संपानंतरही महिन्याकाठचा सिनेमा सोडला नाही, हे वाक्य मी तुमच्या पत्रात दोनदा वाचले. हातात पैसा नसताना त्या माणसाने मुलीला पंख्याखाली तीन तास बसवून हसवले. मला ही फार मोठी गोष्ट वाटते, आणि ती तुम्ही त्यांना कधी बोलून दाखवली नसेल तर मध्यंतरात दाखवा. मध्यंतर त्यासाठी चांगले असते. दिवे अर्धेच लागलेले असतात, हातात वडा असतो, एकमेकांच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही, आणि बोलणे फार लांबू लागले तर घंटा होते.

बाल्कनीचा मोह टाळा. खाली स्टॉलमध्ये, मागून दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्च्या मागा, म्हणजे बाबांना जिना चढावा लागणार नाही, पाय मार्गिकेत लांब करता येईल आणि मध्येच उठावे लागले तर कुणाच्या गुडघ्यांना धक्का लागणार नाही. जाण्याच्या दिवशी सकाळी खेळाची खात्री करून घ्या, कारण आठवड्याच्या मधल्या वारी प्रेक्षक फारच कमी आले तर अशा ठिकाणी कधी कधी खेळ रद्द होतो. तरीही जा मधल्या वारीच. शनिवार-रविवारच्या गर्दीत डोअरकीपरला मान वर करायला फुरसत नसते.

त्या डोअरकीपरविषयी दोन शब्द लिहितोच, कारण माझ्या लेखी अर्धे चित्रपटगृह तोच असतो. अंधारात उशिरा आलेल्या माणसाला तो बॅटरीने खुर्ची दाखवतो तेव्हा त्याचा हात कसा असतो ते या वेळी नीट पाहा : बॅटरी कमरेच्या खाली, तोंड जमिनीकडे, वर तळहाताची ओंजळ धरलेली, म्हणजे उजेडाचे वर्तुळ पावलांपुढे एखाद्या फरशीएवढेच पडते आणि बसलेल्यांच्या डोळ्यांत कवडसाही जात नाही. रांग आली की ते वर्तुळ एकदा खुर्चीच्या क्रमांकावर फिरते आणि विझते. हे कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. जुना माणूस नव्याला शिकवतो आणि नवा वर्षभरात पक्का होतो. खेळ संपल्यावर दिवे पूर्ण लागेपर्यंत बसून राहा, गर्दी ओसरू द्या, आणि मग त्याच्याजवळ जाऊन 'लहानपणापासून इथे येत होतो, आता गाव सोडून चाललो' एवढे सांगा. पैसे देऊ नका, त्याला अवघडल्यासारखे होईल. पाव किलो पेढे न्या आणि कर्मचाऱ्यांत वाटायला सांगा. यंत्राची खोली पाहता येईल का हेही बाबांसमोर विचारून बघा. नाही म्हणाले तर आग्रह करू नका, आणि हो म्हणाले तर बाबा मुलाला सांगतील, की पूर्वी दोन यंत्रे असत, पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका उमटला की ऑपरेटर एक यंत्र थांबवून दुसरे सुरू करी, आणि त्याची वेळ चुकली तर अख्खे स्टॉल त्याच्या नावाने ओरडत असे.

नवऱ्याला मराठा मंदिरला न्या. त्यांच्याशी वाद घालू नका, फक्त सकाळच्या साडेअकराच्या खेळाला सोबत चला म्हणा. 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' तिथे ऑक्टोबर १९९५ पासून, टाळेबंदीचे महिने वगळता, चालत आला आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये तो थांबवण्याचे ठरले होते, पण लोकांच्या आग्रहामुळे ते मागे घेतले गेले. मुंबई सेंट्रलला गाडीची किंवा एस.टी.ची वाट पाहणारे प्रवासी, सुट्टीवर आलेली जोडपी, संवाद पाठ असलेले नेहमीचे प्रेक्षक, असे सगळे तिथे एकत्र बसतात, आणि परदेशातून घरी परतण्याची ओढ असलेल्या माणसांची ती गोष्ट तुम्ही दोघे परदेशी निघण्याच्या तोंडावर पाहाल. नवरा काही बोलला नाही तरी चालेल. ते ज्याला बालिशपणा म्हणत आहेत ते काय आहे, हे तुम्ही तोंडाने सांगण्यापेक्षा त्यांना त्या दालनात लवकर कळेल. शिवाय सामान बांधण्याच्या दिवसांत दोघांनी तीन तास फोन बंद करून शेजारी बसणे हेही काही कमी नाही.

प्लाझाला मात्र एकट्या जा. सासरहून चालत जाता येईल. शांतारामबापूंचे, म्हणजे दिग्दर्शक व्ही. शांताराम यांचे, ते चित्रपटगृह १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत सापडले होते. तुम्ही तेव्हा आठ-नऊ वर्षांच्या असाल आणि दादरमधली ती संध्याकाळ तुमच्या घरातही कुणी विसरले नसेल. त्यानंतरही तिथे खेळ सुरू झाले आणि लोक पुन्हा तिकिटे काढून आत बसले. दुपारच्या खेळाला, जो चित्रपट असेल तो पाहा. आत रडू आले तर येऊ द्या. अंधारात आपले आपण रडता यावे हीसुद्धा या दालनांनी आपल्यासाठी केलेली एक सोय आहे. बाहेर पडलात की शिवाजी मंदिराच्या बाजूला फुलांच्या आणि भाजीच्या गर्दीत शिरा आणि घरी जाताना काहीतरी घेऊन जा, जसे नेहमी जाता तसे.

हॅम्बुर्गविषयी तुम्ही विचारले नाही, तरी एक सांगून ठेवतो. विद्यापीठाजवळ अबाटोन नावाचे चित्रपटगृह आहे, १९७० मध्ये सुरू झालेले, स्वतःच्या निवडीने चित्रपट लावणाऱ्या जर्मनीतल्या अगदी पहिल्या चित्रपटगृहांपैकी एक. तिथे पोहोचल्यावर भाषा येण्याची वाट पाहू नका. पहिल्याच महिन्यात मुलाला घेऊन एक तिकीट खिडकी गाठा, आणि दिवे मालवल्यावर तुमच्या लक्षात येईल, की तिथली माणसेही तशीच एकदम गप्प होतात.

पण ते पुढचे. आधी भारतमाताला या आठवड्यात काय लागले आहे ते बघा, आणि बाबांना तीनच्या खेळाला नेणार असाल तर दोनलाच घरातून निघा. त्यांना सावकाश चालू द्या, आणि खिडकीवर तिकिटे त्यांनाच काढू द्या.